बाईसाहेबांचा चष्मा

५ जानेवारी

वन्सं,

वहिनीचा शेणाच्या हातांनी नमस्कार. हात धुतलेत तसे, पण वास जात नाही, तो पाकिटाबरोबर येईल.

पत्र बघून दचकू नका, घरात सगळे ठणठणीत आहेत. गेला तो फक्त माझा फोन. धार काढताना गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला होता. वळून बघते तर आमच्या काळ्या बाईसाहेब डोळे मिटून तो चघळतायत आणि आतून तुमचा आवाज येतोय, "हॅलो, वहिनी? अगं वहिनी, कसला आवाज येतोय हा?" तोंडात हात घालून ओढून काढला. काच तडकली, पण तुकडा एकही गिळला नाही, मी दाढेपर्यंत चाचपून बघितलं. तेव्हा तुम्ही शेवटचं बोललात ते माझ्याशी नाही, आमच्या गाईशी.

ह्यांच्या फोनवरून बोलता येतं, पण मी बोलायला लागले की हे शेजारी पेपर घेऊन बसतात आणि पान काही उलटत नाहीत. म्हणून टँकरमामांना गाठलं. आमचं दूध घेऊन ते तुमच्या कारखान्याशेजारच्या डेअरीत येतातच. म्हणाले, "दूध पोचवतो तसं पत्रही पोचवीन. त्यात पाणी घालू नका म्हणजे झालं."

तर पाणी न घालता सांगते. बाईसाहेबांना नटायची हौस आली आहे. कसे काळेभोर केस होते, ते पाठीवर तांबूस झालेत, जणू शहरात जाऊन रंगवून आल्या. डोळ्यांभोवतीचे केस झडून पांढुरके गोल उमटलेत, हुबेहूब चष्मा. पलीकडच्या मास्तरीणबाई दूध न्यायला आल्या तर दोघी चष्मेवाल्या समोरासमोर उभ्या, मला कळेना खुर्ची कुणाला द्यावी. खाण्याचे चोचले तर विचारू नका. पुढ्यातली पेंड अर्धी टाकायची आणि भिंतीचा चुना चाटायचा, खराट्याचा दांडा चावायचा, ह्यांची चप्पल पळवायची.

आता हसून झालं. ती तिसऱ्यांदा उलटली हो. डॉक्टर रेतन करून जातात, मी तीन आठवडे जीव मुठीत धरून बसते आणि ही पुन्हा माजावर. तुमच्या दादांनी परवा जेवताना जाहीर केलं, ऊन तापायच्या आत गाभण राहिली नाही तर व्यापाऱ्याला द्यायची. त्याला शब्दसुद्धा देऊन आले. तुमच्या दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, तुम्हाला मी काय सांगायचं?

बाकीच्या गाई घरच्या आहेत. ही माझी आहे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी हिची आई हिला जन्म देऊन गेली आणि मी हिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. नव्या घरात कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं, तेव्हा मी हिच्याशी बोलायचे. तिला ट्रकात चढताना मी बघू शकणार नाही.

तुम्ही खाद्याच्या कारखान्यात इतकी वर्षं नळ्या हलवताय. एखादी पावडर पाठवा. जोरदार पाठवा.

तुमची वहिनी


९ जानेवारी

वहिनी,

पत्र प्रयोगशाळेत उघडलं आणि इतक्या मोठ्याने हसले की साहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू आटलं. तू चार विनोद लिहिलेस. मला चार लक्षणं दिसली.

काळ्या केसांचं तांबूस होणं, डोळ्यांभोवतीचा चष्मा, भलतंसलतं चाटणं आणि सारखं उलटणं. अंगातलं तांबं कमी पडलं की गाय असा वेष घेते. बरोबरीने जस्त, सेलेनियम अशी आणखी भावंडंही कमी असू शकतात. मी हा चष्मा आजवर फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितला होता. तो माझ्या माहेरच्या गोठ्यात फिरतोय आणि तू त्याला खुर्ची देतेयस!

पण जोरदार पावडर पाठवणार नाही. रागाव हवं तर. ही खनिजं भाजीतल्या मिठासारखी असतात. कमी पडली तर अळणी, जास्त पडली तर थुंकावं लागतं. फरक इतकाच की गाईला थुंकता येत नाही.

आणि मला एक कोडं पडलंय. तुमचं खुराकाचं पोतं आमच्याच कारखान्यातलं, त्यात तांबं आहे, मीच तपासते. मग बाईसाहेब ते करतात काय? डॉक्टरांना सांगून तिचं रक्त काढून पाठव. बरोबर वैरण आणि ती पिते ते पाणी पाठव. माणसं पितात ते नव्हे, ती पिते ते. तोवर काहीही देऊ नकोस. काहीही म्हणजे काहीही.

दादाला सांग, शब्द देताना आधी बहिणीला विचारत जा.

तुझी नणंद


१८ जानेवारी

वन्सं,

सोबत तुमचा आहेर: रक्ताची नळी, वैरणीची पिशवी आणि पाण्याची बाटली. रक्त काढताना बाईसाहेब पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. आडवे पडले ते डॉक्टरांबरोबर आलेले शिकाऊ डॉक्टर. त्यांना पाणी मारून उठवलं आणि तेच पाणी बाटलीत भरलं, म्हणजे गाईच्या हौदातलं.

घरचं वातावरण असं. हे म्हणतात, "रक्त तपासून गाय गाभण राहते होय? सगळं वाया." तुमच्या मातोश्री म्हणतात, "आमच्या वेळी गाई गवत खायच्या आणि त्यांना वासरं व्हायची. पावडरी खाऊन कुणाचं भलं झालंय?" म्हणजे दोन्ही बाजूंनी मार, मी मधला ढोल.

पाण्याचं म्हणाल तर गेल्या वर्षी मारलेल्या बोअरचं आहे. भरपूर आहे, गार आहे, फक्त हौदाला तांबडा थर धरतो. एकदा घरातला नळ बंद होता म्हणून त्याचा चहा केला, तर तो शाईसारखा काळानिळा झाला. ह्यांनी तरी पिऊन टाकला. फुकटचं सोडायचं नाही हा ह्यांचा बाणा.

लवकर कळवा. व्यापारी रस्त्यात भेटला की माझ्याकडे बघून हसतो, मला त्याचे दातच दिसतात.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

चोर सापडला! हौदात बसला होता.

बोअरच्या पाण्यात लोखंड इतकं आहे की त्यातून खिळे काढता येतील. लोखंडाची खोड बसच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसासारखी. आपण आत सरकायचं नाही आणि मागच्याला चढू द्यायचं नाही. पोत्यातलं तांबं रोज बाईसाहेबांच्या पोटापर्यंत जातं आणि दारातूनच परत फिरतं. रक्तात तांबं खूप कमी आहे, जस्त थोडं कमी. सेलेनियम ठीक आहे.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. आजपासून तिला घरच्या नळाचं पाणी. दुसरं, सोबत खनिज मिश्रणाचा डबा पाठवतेय, तुमच्या डॉक्टरांशी बोलून बेताने बनवलेला. दिवसातून एकदा, खुराकात मिसळून, डब्यातल्याच चमच्याने एक चमचा. काठाबरोबर सपाट, शीग लावायची नाही.

हे पुढचं घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. तांबं हवं तेवढं झालं की उरलेलं लिव्हर साठवत जातं. गप्प बसून साठवतं. गाय खाते, पिते, केस चमकतात, सगळे खूश. आणि एक दिवस साठा फुटतो, लघवी काळी होते, डोळे पिवळे पडतात, आणि मग डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही. लोखंड दारातून हटल्यावर तर आता सगळंच आत जाणार. म्हणून डबा एक, चमचा एक, हात एक. हात तुझा.

तुझी नणंद


२० फेब्रुवारी

वन्सं,

पाणी बदललं. हे "नसते उद्योग" म्हणत उठले आणि एका दुपारीत घरापासून गोठ्यापर्यंत पाइप टाकून मोकळे झाले. तुमचं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं, पण चोर सापडल्याचं आणि तांबं कमी असल्याचं वाचून होतंय तोवर हे चप्पल घालून बाहेर पडले आणि आई झोपल्याचं सोंग घेऊन घोरायला लागल्या. मग राहिलेलं मी मनात वाचलं. मला कळलं म्हणजे झालं, डबा माझ्याच हातात आहे.

आणि काय सांगू वन्सं, बाई बदलल्या! भिंत सोडली. पेंड चाटूनपुसून साफ. पाठीवर नवे काळे केस फुटतायत. माजावर आल्या त्या अशा गाजावाजा करत की सगळ्या गल्लीला कळलं. परवा डॉक्टर रेतन करून गेले. मी कुणाजवळ बोलत नाही, तुमच्याजवळही बोलले नाही असं समजा.

पण घरात काहीतरी शिजतंय. मी दुपारी जरा आडवी झाले की हे गोठ्यात जातात. खिडकीतून बघितलं तर बाईसाहेबांसमोर उभे, तिच्या पाठीवरून हात फिरवतायत. व्यापाऱ्यासाठी अंदाज घेत असणार, दुसरं काय? परत येतात तेव्हा सदऱ्याचा खिसा ओला आणि चघळलेला. विचारलं तर म्हणाले, घाम.

मातोश्रींचं वेगळंच. इतके दिवस गुडघे धरून बसायच्या, आता रोज संध्याकाळी "पाय मोकळे करून येते" म्हणून निघतात. पदराला निळे डाग असतात. निळे म्हणजे शाईचेच. वन्सं, खरं सांगा, त्या गोठ्यात बसून तुम्हाला माझ्या तक्रारी लिहितात ना? लिहू देत. पण काय लिहितात तेवढं कळवा, मला रात्रीची झोप नाही.

टँकरमामासुद्धा हल्ली फाटकाशी रेंगाळतात आणि मी दिसले की शीळ घालतात. मला नव्हे हो, उगीच, आभाळाकडे बघून.

सगळ्यांनी मिळून तिला विकायचं ठरवलंय आणि मला सांगायची हिंमत नाही, असंच मला वाटतं. मी सकाळी सपाट चमचा घालते आणि तिच्या कानात सांगते, बाई गं, जरा घाई कर.

वहिनी


५ मार्च

चिमे,

हे पत्र तुझ्या वहिनीला दाखवायचं नाही. आईलाही नाही.

ती गाय मी विकणार असं सगळ्यांसमोर बोललो. व्यापाऱ्याला शब्द दिला. आता माझी पंचाईत अशी की ती गाय जावी असं मला वाटत नाही. कधीच वाटत नव्हतं. बोलून गेलो. तुझी वहिनी तिच्याशी बोलते तेवढं माझ्याशी बोलत नाही, त्याचा थोडा राग असेल.

तू डबा पाठवलास. तुझी वहिनी सकाळी घाईत असते, एखाद्या दिवशी विसरली तर? म्हणून मी सोसायटीच्या दुकानातून खनिजाची वेगळी पिशवी आणली. दुपारी ती आडवी झाली की खिशातून नेऊन एक मूठ घालतो. आता गाय मला बघून हंबरते. आठ वर्षांच्या संसारात मला बघून कुणी हंबरलं नव्हतं.

विचारायचं एकच. दोन मुठी घातल्या तर लवकर राहील का? व्यापारी पुढच्या महिन्यात येतो.

दादा


५ मार्च

चि. कन्येस,

पावडरींवर माझा विश्वास नाही. पण तांबं कमी आहे असं तूच लिहिलंस, ते मी ऐकलं. मी झोपले नव्हते. तांबं म्हणजे मोरचूद हे मला तू शिकवायला नको, गाईंची खुरं धुवायला आणलेला डबाभर घरात आहे. रोज संध्याकाळी पेंडीच्या गोळीत एक चिमूट घालते. पदराला निळं लागतं, पण तुझ्या वहिनीच्या लक्षात येत नाही, ती भोळी आहे.

तिला कळवू नकोस. म्हणेल, सासू एवढी नाकं मुरडत होती आणि आता माझ्या गाईचे लाड करते. दादाला तर मुळीच नको, तो हसेल. पोरगी त्या गाईपायी झुरतेय, मला बघवत नाही.

चिमूट जरा वाढवावी म्हणते. कळव.

आई


(पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने)

ताई, पत्रं दोन आहेत, दोघांनी वेगवेगळी दिली आणि दोघांनी दुसऱ्याला सांगू नका म्हणून बजावलं. तुमची ती चष्मेवाली गाय थंडीत माझ्या टँकरचं टायर चाटायची, मला बघवेना. म्हणून गोठ्याच्या फाटकाच्या आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी, खनिजाची चाटण्याची वीट टांगली आहे. चांगली चाटते. घरच्यांना बोलू नये, उगाच उपकार वाटतील.


६ मार्च

वहिनी, दादा, आई आणि टँकरमामा,

हे पत्र गोठ्यात उभं राहून मोठ्याने वाचायचं आहे. शेवटपर्यंत. कुणी चप्पल घालायची नाही, कुणी घोरायचं नाही. वाचून होईपर्यंत मामांनी टँकर हलवायचा नाही, त्यांना मी इथेच दम दिला आहे.

थांबा! सगळे थांबा!

वहिनी सकाळी चमचा घालते. दादा दुपारी मूठ घालतो, आणि दादाची मूठ म्हणजे आमच्याकडचं फावडं. आई संध्याकाळी मोरचूद घालते. आई, तो खुरांसाठी आहे गं, पोटासाठी नाही! आणि जाता-येता मामांची वीट. वर आमच्या पोत्यातलं आहेच. बोअरचं पाणी असतं तर लोखंडाने बिचारीला वाचवलं असतं. तुम्ही ते बंद केलंत, मीच सांगितलं म्हणून. आता जेवढं घालताय तेवढं सगळं आत जातंय.

तिचे केस चमकतायत म्हणून खूश होऊ नका. लिव्हर भरत असतं तेव्हाही केस चमकतात.

आजपासून डबा बंद, मूठ बंद, मोरचूद कुलपात, वीट खाली. नुसता खुराक, वैरण, नळाचं पाणी. डॉक्टरांकडून आजच रक्त काढून मामांबरोबर परत पाठवा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा खाणं सुटलं, तर माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरांना धरून आणा.

मी इथे घाबरलेय आणि मधूनच हसू येतंय, आणि हसल्याची लाज वाटतेय. अख्ख्या घराने मिळून एका गाईवर इतकं चोरून प्रेम केलेलं मी ऐकलं नव्हतं.

तुमची चिमी


९ मार्च

वन्सं,

वाचलं. गोठ्यातच वाचलं. तुम्ही असायला हवं होतं, आणि नव्हता तेच बरं झालं, हसून पोटात दुखलं असतं.

"दादा दुपारी मूठ घालतो" इथे मी वाचायची थांबले. हे खांबाआड सरकले. खांब बारीक आहे आणि हे काही बारीक नाहीत. मातोश्री कडाडल्या, "तू? तू घालतोस? अरे तू तर विकणार होतास!" हे म्हणाले, "पुढचं वाच, पुढचं वाच." मी पुढचं वाचलं आणि मोरचूद निघाला. मग ह्यांना तोंड फुटलं. "आई, तू? तू तर गवत खाऊन वासरं होतात म्हणायचीस!" आईंनी निळा पदर पाठीमागे लपवला. तेवढ्यात टँकरमामा डोळा चुकवून वीट सोडवायला निघाले, तर बाईसाहेब वीट सोडेनात. इकडून मामा ओढतायत, तिकडून ती चाटतेय.

मी मधल्या मधे उभी. आधी हसले. मग खांबाआडचा ह्यांचा चेहरा बघितला आणि रडायलाच लागले. मी महिनाभर ह्यांच्यावर मनातल्या मनात दात खात होते, वन्सं. खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, बघा कसाई कसा हात फिरवतोय. आणि त्या मुठीत काय होतं, तर हे.

आईंना म्हटलं, मला वाटलं तुम्ही माझ्या तक्रारी लिहिता. त्या म्हणाल्या, "तक्रारी लिहायला मला गोठ्यात कशाला जावं लागतंय? त्या मी तोंडावर करते."

पण आता हसू संपलं. सगळे दर घटकेला तिच्या डोळ्यांत वाकून बघतोय, पिवळे आहेत का. हे तर बादली घेऊन तिच्या मागे मागे फिरतात, लघवीचा रंग चुकायला नको म्हणून. रक्त पाठवलंय. पळतच तपासा.

वहिनी


१३ मार्च

वहिनी,

घाबरण्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. लिव्हरवर ताण आला आहे, रक्तात दिसतोय, पण साठा फुटलेला नाही. सगळं वेळेवर थांबलं. डॉक्टरांशी बोलले आहे, ते येऊन बघत राहतील आणि पुढे पुन्हा रक्त घेतील. त्या निकालाशिवाय कुणीही तिच्याकडे चमचा घेऊन बघायचंसुद्धा नाही.

आता एक गोष्ट दादासाठी. लिव्हर भरलेल्या गाईला मोठा धक्का बसला, तर त्या धक्क्यानेच साठा फुटू शकतो. लांबचा प्रवास, धक्काबुक्की, उपासमार. दादा, तिला आत्ता ट्रकात चढवलंस तर ती उतरेपर्यंत टिकेल असं मी सांगू शकत नाही. तुझा शब्द तुझ्याजवळ, मी त्याबद्दल बोलणार नाही. पण हे तुला माहीत असायला हवं.

चिमी


६ एप्रिल

वन्सं,

आज व्यापारी आला. ट्रक घेऊनच आला.

आम्ही सगळे अंगणात. मी बाईसाहेबांच्या दाव्याला धरून उभी. गाभण आहे की नाही ते अजून डॉक्टरांनी तपासलेलं नाही. फेब्रुवारीतल्या रेतनानंतर ती माजावर आली नाही एवढंच, पण तेवढ्यावर कोण विश्वास ठेवतो? आणि ह्यांच्या शब्दाचं तुम्हाला माहीत आहे. एकदा कुणाला वैरण द्यायचा शब्द दिला होता तर आमच्या गाई पेंढ्यावर ठेवल्या, पण वैरण दिली. मी बोलायचं नाही असं ठरवलंच होतं, ह्यांनीच बोलायला हवं होतं.

हे पुढे झाले. हात जोडले. म्हणाले, "तुम्हाला शब्द दिला होता, तो मागे घेतो. आयुष्यात पहिल्यांदाच घेतोय, नीट जमत नसेल तर सांभाळून घ्या."

व्यापारी म्हणाला, "अहो, वर्षभर गाभण न राहिलेली गाय ठेवून करणार काय?"

हे म्हणाले, "चष्मा आहे, पेपर वाचेल."

मागून मातोश्रींचा आवाज, "आणि वाचून झाला की चघळेल."

व्यापारी हसला हो! इतके दिवस मला ज्या दातांची भीती वाटायची ते सगळे दाखवून हसला, ट्रक वळवून निघून गेला. हे तिथेच उभे राहिले, शरमल्यासारखे. मी म्हटलं, "आत चला, चहा टाकते." हे म्हणाले, "बोअरच्या पाण्याचा टाक हवा तर. आज मी काहीही पिईन."

ती राहिली नसेल तरी आता माझी तक्रार नाही. ती घरात आहे आणि सगळ्या घराची आहे. मला वाटायचं ती माझी एकटीची, त्यात कसलं सुख होतं?

वहिनी


२८ एप्रिल

वन्सं,

आहे! आहे, आहे, आहे!

डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घातला, आभाळाकडे बघितलं आणि हसले. मी किंचाळले. शेजारच्या गाईने दचकून बादली उलटवली. आईंनी डॉक्टरांना त्याच शेणाच्या हाताने जेवायला बसवलं असतं, मी आवरलं. रक्तही चांगलं निघालं, लिव्हर शांत आहे म्हणाले. हे नळाखाली तोंड धरून उभे होते, ऊन फार आहे म्हणाले. ऊन होतंच, पण गोठ्यात सावली आहे.

आणि वन्सं, बाईसाहेबांचा चष्मा उतरला. डोळ्यांभोवती काळे केस पुरते आलेत. मास्तरीणबाईंना वाईट वाटलं.

हे माझ्यासाठी नवा फोन घेऊन आलेत. तो मी आकड्याला उंच टांगलाय. पण पत्र लिहायचं मी सोडणार नाही, फोनवर पाणी घालता येतं.

वहिनी


२ मे

वहिनी, दादा, आई, टँकरमामा,

काल मामांनी वहिनीचं पत्र दिलं. मी प्रयोगशाळेत खुर्चीवर उभी राहिले. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं, माझ्या माहेरी वासरू होणार आहे. त्यांनी सगळ्यांना सुट्टी दिली नाही, पण चहा दिला.

मग मामांनी खिशातून आणखी दोन पाकिटं काढली.

एकात लिहिलं होतं, "वहिनीला सांगू नकोस. वासरू झाल्यावर त्याला किती द्यायचं? छोटी मूठ चालेल का?" दुसऱ्यात, "दादाला सांगू नकोस. वासरासाठी काहीतरी घरगुती सुचव, निळं नको." आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीने, "ताई, वासरांसाठी लहान आकाराची वीट मिळते म्हणे."

वहिनी, तुझं अशा अर्थाचं काही आलं नाही, पण मी तुला ओळखते. ते उद्या येईल.

म्हणून सगळ्यांना मिळून एकच उत्तर. वासराला जन्मल्या जन्मल्या चीक, मग दूध, आणि अंगभर त्याच्या आईची जीभ. चाटण्याचं काम बाईसाहेबांना येतं, भिंतीवर पुष्कळ सराव झाला आहे. तुम्ही चौघांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि बघायचं.

नोव्हेंबरातली सुट्टी मी आजच सांगून ठेवली आहे. मामांच्या शेजारी बसून टँकरमधून येईन. गोठ्याच्या दारात थांबायचं. तिथे दादा माझे खिसे तपासेल, मी दादाचे तपासीन, आईचा पदर वहिनीने उलटून बघायचा. मगच आत जायचं, सगळ्यांनी एकदम.

चिमी